ट्रॅकवर मागील चाकांची ड्राइव्ह की चारही चाकांची?

प्रश्न: शक्ती आणि टायर सारखेच असतील, तर कोरड्या रेसट्रॅकवर ऑल-व्हील ड्राइव्ह (इंजिनाची शक्ती चारही चाकांना देणारी) स्पोर्ट्स कार रिअर-व्हील ड्राइव्ह (फक्त मागच्या चाकांना देणाऱ्या) कारपेक्षा खरोखर वेगवान ठरते का?

उत्तर १: हे बहुतांशी ट्रॅकच्या आखणीवर अवलंबून असते. संथ वळणातून बाहेर पडताना इंजिनाची सारी शक्ती मागच्या दोनच टायरांना पेलवत नाही, त्यामुळे तिथे ऑल-व्हील ड्राइव्हचा चालक आधी आणि निर्धास्तपणे अ‍ॅक्सिलरेटर दाबू शकतो; वेगवान वळणांत मात्र मर्यादा टायरांच्या आडव्या पकडीची असते आणि पुढच्या डिफरन्शियलचे (डाव्या-उजव्या चाकांत शक्ती वाटणाऱ्या गिअरसंचाचे) जादा वजन निव्वळ ओझे ठरते. ब्रेक लावताना तर या प्रणालीचा जवळजवळ काहीच उपयोग नसतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

उत्तर २: सहमत आहे, पण पुढच्या टायरांचा मुद्दा राहिला. वळवणे आणि ओढणे ही दोन्ही कामे त्यांना एकाच पकडीतून करावी लागतात. म्हणून वळणात घाईने शक्ती दिल्यास गाडीचे नाक बाहेर सरकते आणि ते टायर लवकर तापतात. पोर्शेची ९११ जीटी३ ही ट्रॅक डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली गाडी मागील चाकांवरच चालते, ते उगाच नव्हे.

उत्तर ३: ओल्या ट्रॅकवर हिशेब बदलतो. १९६१ मध्ये इंग्लंडमधील ओल्टन पार्क ट्रॅकवरची गोल्ड कप शर्यत स्टर्लिंग मॉस यांनी चारही चाकांवर चालणाऱ्या फर्ग्युसन पी९९मधून जिंकली, तेव्हा ट्रॅक ओला होता. १९६९ मध्ये लोटस, मॅक्लारेन आणि मात्रा यांनी फॉर्म्युला वनमध्ये तोच मार्ग चोखाळला. परंतु रुंद टायर आणि विंग (हवेच्या दाबाने गाडीला खाली दाबणारे पंख) यांमुळे मागची पकड एव्हाना इतकी वाढली होती की त्या जड गाड्या मागेच पडल्या.