मदत हवी आहे: टेक्सासच्या हिल कंट्रीतील निवांत प्रवास

मार्चच्या अखेरीस, ब्लूबॉनेटची निळी फुले रस्त्याच्या कडेने बहरू लागतात त्या सुमारास, आई-बाबांना घेऊन ऑस्टिनहून हिल कंट्रीत (शहराच्या पश्चिमेकडील टेकड्यांच्या प्रदेशात) मोटारीने निवांत फिरण्याचा विचार आहे. लॉकहार्ट येथे पोस्ट ओक या झाडाच्या लाकडाच्या धुरात तासन्‌तास शिजवलेले ब्रिस्केट (गोमांसाचा छातीकडील भाग) खावे आणि लॅनो येथे मेस्किट या झाडाच्या लाकडाच्या निखाऱ्यांवर थेट भाजलेले मांस चाखून दोन्ही पद्धतींतील फरक अनुभवावा, अशी बाबांची मनापासूनची इच्छा आहे. लॉकहार्ट ऑस्टिनच्या दक्षिणेला आणि लॅनो वायव्येला असल्याने दोन्ही एकाच दिवशी उरकणे मला पटत नाही. हे घाईघाईने खाण्याचे अन्नच नव्हे.

मुक्काम फ्रेडरिक्सबर्गला ठेवून विलो सिटी लूपचा वळणदार रस्ता आणि एन्चांटेड रॉकचा गुलाबी ग्रॅनाइटचा डोंगर सावकाश पाहता येतील का? (गर्दी झाली की तेथील प्रवेश थांबवतात, म्हणून पास आधीच काढणार आहे.) बार्बेक्यूच्या ठिकाणी मांस संपले की विक्री थांबते, तेव्हा शनिवारी किती वाजता पोहोचावे? शिवाय आई शाकाहारी आहे आणि तेथील बीन्समध्येही पुष्कळदा मांस असते. तिला पोटभर जेवता येईल अशी या मार्गावरील ठिकाणे कृपया सुचवावीत.