अवघड वेगळं, अन्यायी वेगळं

जुन्या धाटणीचे, उड्या मारत पुढे जायचे अवघड व्हिडिओ गेम म्हणजे नुसता छळ, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. ‘सेलेस्ट’चंच घ्या. २०१८ चा हा गेम पिक्सेलच्या चित्रांमुळे जुना दिसतो, पण हाताला जुना लागत नाही. कड्यावरून पाय सुटल्यावरही साधारण ०.१ सेकंद उडी मारता येते. जमिनीला टेकायच्या क्षणभर आधी बटण दाबलं तरी उडी वाया जात नाही. डोकं कोपऱ्याला जरासं घासलं, तर गेम मॅडेलिनला, म्हणजे आपण खेळवतो त्या मुलीला, हळूच बाजूला सरकवतो. खेळताना यातलं काही जाणवत नाही, फक्त पडलो की चूक आपलीच होती हे मनापासून पटतं. मग राग गेमवर निघत नाही.

शिवाय मेल्यावर लगेच त्याच पडद्याच्या सुरुवातीला. टीव्हीला जोडायच्या कार्ट्रिजच्या गेममध्ये जीव संपले की बरेचदा पहिल्यापासून, त्या धास्तीने लहानपणी आम्ही फार जपून खेळायचो. इथे तिसाव्यांदा पडल्यावर ती उडी बोटांना आपसूक जमते. तसा आनंद मला सोप्या गेममध्ये कधी मिळाला नाही.

आणि ‘शॉव्हल नाइट’ खेळला नसेल तर जरूर खेळा. त्यात चेकपॉइंट, म्हणजे मेल्यावर जिथून पुन्हा सुरुवात होते ती खूण, फोडून जादा खजिना घेता येतो, जोखीम किती घ्यायची ते आपणच ठरवायचं.