धाब्याचं घर गळतंय, मृगाआधी काय करावं?

माहेरवाशीण, अमळनेर तालुका

नमस्कार. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेय. बोरीकाठचं गाव, आजोबांच्या वेळचं धाब्याचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं घर. सागाचे सरे (आडव्या तुळया), वर फळ्या, त्यावर पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) काड्या आणि कडुलिंबाचा पाला, मग माती. आई इथे एकटीच राहते.

मागच्या सप्टेंबरात तीन दिवस झड लागली, तेव्हा देवघराच्या कोपऱ्यात पाणी आलं. पहिल्या दिवशी भिंतीवर तळहाताएवढा ओला डाग, तिसऱ्या दिवशी सऱ्याच्या टोकातून टिपटिप. आईने खाली पितळी पातेलं ठेवलं, रात्रीतून तीनदा उठून ते ओतलं आणि मला फोनवर म्हणाली, "काही नाही गं, जराशी ओल आहे." खरं काय ते मला शेजारच्या काकूंकडून कळलं.

दोन वर्षांपूर्वी एका मिस्तरीने सांगितलं म्हणून मातीवर दीड इंचाचा सिमेंटचा कोबा केला होता. त्याआधी घर कधी गळलं नव्हतं. आता कोब्याला केसासारख्या भेगा आहेत. कोणी म्हणतं पुन्हा कोबा करा, कोणी म्हणतं पत्रे टाका, कोणी म्हणतं शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद अंथरा. पत्र्याला आईचा ठाम नकार आहे. मे महिन्यात पारा 44-45 ला जातो, त्या पत्र्याखाली तिला दुपार काढता येणार नाही आणि ते मलाही पटतं. मृगाला महिना उरलाय. ज्यांनी स्वतः धाबं राखलंय त्यांनी कृपया सांगा.

आप्पा, पारोळा

ताई, "पहिले देख, पानी कथाईन ई ऱ्हायनं." म्हणजे आधी बघ, पाणी कुठून येतंय. आमचे वडील धाब्यावर चढण्याआधी एवढंच म्हणायचे. खाली थेंब पडतो त्याच्या बरोबर वर भोक असेलच असं नाही. पाणी काड्यांवरून, सऱ्याच्या अंगाने चार-पाच हात सरकतं आणि मग टपकतं. दोन हंडे पाणी वर न्या, पन्हाळीच्या (पाणी बाहेर सोडणाऱ्या नळीच्या) समोरच्या टोकाला हळूहळू ओता आणि ते कुठे थांबतं ते बघत बसा. घाई करू नका.

मी आतापर्यंत जी गळकी धाबी उकरली, त्यांतली बहुतेक पन्हाळीपाशी नाहीतर भिंतीच्या कडेला बिघडलेली होती. पन्हाळीचं तोंड धाब्याच्या पातळीपेक्षा एक बोट खाली पाहिजे. ते वर राहिलं की पाणी तुंबतं, आणि तुंबलेलं पाणी कसल्याही मातीतून वाट काढतंच. उतार दहा फुटाला तीन इंच ठेवा. पन्हाळ भिंतीबाहेर दीड-दोन फूट काढा, नाहीतर पडणारं पाणी भिंतच पितं. तोंडाशी लिंबाचा पाला अडकतो, तो पावसाळाभर दर आठवड्याला काढायचा. आईंना चढू देऊ नका, गावातल्या एखाद्या पोराला ते काम लावून द्या.

कोबा काढा, पण घण मारू नका. छिन्नीने तुकडे करून उचला, सरे हादरता कामा नयेत. मग गवत मुळासकट काढा, उंदराची बिळं ओल्या गाऱ्याने ठासून भरा. त्यावर खारी माती दोन इंच टाका, कोरडीच. वळवाची एखादी सर येऊ द्या, माती बसली की चोपून घ्या. काळी माती चुकूनही नको. ती उन्हात बोटभर फाटते.

धुळ्याचा सिव्हिलवाला

आप्पांशी सहमत, कारण तेवढं सांगतो. खाली माती भिजली की फुगते, वाळली की आकसते. वरचा कोबा ताठ, त्याला हे झेपत नाही. भेग पडते, पाणी आत जातं आणि कोब्यामुळे वर वाळायला वावच राहत नाही. ती ओल लाकूड खाते. म्हणून सऱ्यांची भिंतीतली टोकं पेचकस टोचून तपासा.

खारी मातीत सोडियम जास्त असतं. पाणी लागलं की तिचे कण सुटे होऊन बारीक छिद्रं बुजवतात. शेतात अशी चोपण जमीन शेतकऱ्याला रडवते, कारण पाणी मुरतच नाही. धाब्याला नेमकं तेच हवं. मातीचं कोरडं ढेकूळ ग्लासभर स्वच्छ पाण्यात सोडा आणि रात्रभर हात न लावता ठेवा. सकाळी पाणी गढूळ दुधाळ दिसलं तर माती कामाची.

एक काळजी मात्र घ्या. नवीन टाकण्याआधी जुनी तेवढी खरवडून काढा. दहा बाय दहाच्या खोलीवर एक इंच माती म्हणजे पावणेचारशे किलोच्या आसपास. दरवर्षी नुसती भर घातली तर बारा वर्षांत फूटभर थर, म्हणजे साडेचार टन, आणि तेही कोरडी असताना. किल्लारीला 1993 च्या भूकंपात दगडी भिंती आणि असल्याच जड धाब्यांखाली माणसं गेली.

चोपड्याची सून

शेततळ्याचा कागद आम्ही टाकला होता, 500 मायक्रॉनचा, मातीच्या दोन थरांमध्ये. तीन पावसाळे छान गेले. चौथ्या वर्षी उंदरांनी कुरतडला आणि भोक शोधता शोधता अर्धं धाबं उकरावं लागलं. टाकायचाच तर अखंड टाका, जोड नको, आणि कडेला वीतभर वर वळवा. मी पुन्हा टाकणार नाही.

माहेरवाशीण, अमळनेर तालुका

काल संध्याकाळी भाच्याला घेऊन वर गेले. दोन हंडे ओतले. पाणी पन्हाळीपर्यंत नीट आलं आणि तिथेच थांबलं. कोबा करताना तोंडाशी सिमेंटचा दोन बोटं उंच काठ राहून गेलाय. पाणी त्याला अडून मागे पसरलं, देवघराच्या बाजूला वळलं आणि एका भेगेत बुडबुडे काढत उतरायला लागलं. मी बघतच राहिले. दोन पावसाळे ते असंच आत जात होतं.

देवघरातल्या सऱ्याच्या टोकात पेचकस अर्धं बोट गेला. बाकीचे सरे ठणठणीत आहेत.

रात्री आईनेच दोन ग्लास मांडले. एकात शेतातलं काळं ढेकूळ, एकात गावाच्या जुन्या पांढरीतलं (गावठाणातल्या मातीचं). सकाळी काळं फुगून तळाशी बसलेलं, वर पाणी नितळ. दुसऱ्या ग्लासातलं पाणी ताकासारखं. त्या मातीची ट्रॉली सोमवारी येतेय. सरा सागाचाच घेऊ की लिंबाचा चालेल?

आप्पा, पारोळा

लिंबाचा चालेल, पण वर्षभर वाळलेला घ्या, ओला वाकतो. कोबा फोडण्याआधी त्या सऱ्याखाली दोन टेकू लावा आणि देव तेवढे दिवस ओसरीवर हलवा.