विषय: एडमंटनच्या (कॅनडा) घरच्या सौर पॅनलवरचा बर्फ, आजच उत्तर हवं

वि. दे. (सध्या प्रतापनगर, नागपूर)
मंडळी, ॲपवर रविवारपासून वीज उत्पादन शून्य आहे. तिथला शेजारी शिडी लावून कोमट पाणी ओतू का म्हणून विचारून राहिला आहे. आपली रात्र ती त्याची सकाळ, त्यामुळे झोपण्याआधी कळवायचंय. पॅनल उभे बसवलेले, म्हणजे लांब बाजू वरून खाली, उतार २५ अंश. काकांनी मागच्या वर्षी सगळ्यांसाठी मागवलेला रेक (बर्फ ओढायचा लांब दांड्याचा) गॅरेजमध्ये आहे.

काका
शिडी नको आणि पाणी तर मुळीच नको. गोठलेल्या काचेवर कोमट पाणी पडलं की तडा जाऊ शकतो. नाही गेला, तरी ते पाणी खालच्या फ्रेमच्या कडेला गोठतं आणि पुढचा बर्फ तिथेच अडतो. मीठही नको, ॲल्युमिनियमची फ्रेम खातं.
रेक फोमच्या डोक्याचाच वापरायचा. छपराच्या कडक पात्याच्या रेकने काचेवर ओरखडे येतात. जमिनीवर, बाजूला उभं राहायचं, कारण बर्फ एकदम सुटला तर अंगावर येतो. दांडा धातूचा आहे, विजेची तार कुठे आहे ते आधी बघायला सांगा. सुरुवात खालच्या कडेपासून, हातभर पट्टा मोकळा करून मग वर. चिकटलेला बर्फाचा कडक थर खरवडू नये. काच थोडी उघडी पडली आणि ऊन आलं की बाकीचं आपोआप घसरतं.

सु. पां.
पण जानेवारीत हा खटाटोप कशाला? तिथे आत्ता दिवस जेमतेम आठ तासांचा, सूर्य पार खाली. खरी कमाई मार्चच्या बर्फात बुडते, तेव्हा झाडा. वजनाचीही धास्ती नको. बहुतेक पॅनल ५४०० पास्कल सोसतात, म्हणजे चौरस मीटरला साडेपाचशे किलो. फूटभर ताजा कोरडा बर्फ साधारण तीस किलो भरतो.

काका
वजनाचं मी म्हटलंच नव्हतं. मुद्दा खालच्या कडेचा आहे. जुन्या, अख्ख्या सेलच्या उभ्या पॅनलमध्ये तळाची सेलची एकच ओळ झाकली, तरी तिन्ही बायपास डायोडचे (झाकलेल्या भागाला वळसा देऊन वीज पुढे नेणाऱ्यांचे) भाग एकदम बंद पडतात. आडव्यात एकच तृतीयांश जातो. हाफ-कट (अर्धे कापलेले सेल, वरचा आणि खालचा अर्धा वेगळा) असेल तर वरचा अर्धा चालू राहतो. वि., तुमचे कोणते?

मी. कु. (धरमपेठ)
हाच त्रास नागपूरच्या गच्चीवर धुळीचा आहे, आणि त्याची चर्चा इथे कधीच होत नाही. हिवाळ्यात रात्री दव पडतं, धूळ ओघळून खालच्या कडेला चिखल साचतो आणि वाळून घट्ट बसतो. वरून काच स्वच्छ दिसते, म्हणून कोणी बघत नाही. पहाटेच, काच थंड असताना धुवा. बोअरचं पाणी काचेवरच वाळू दिलं की क्षारांचे पांढरे डाग राहतात. मऊ ब्रश, भरपूर पाणी, मग वायपर. साबणाची पावडर नको.

सचिव
मी. ताई, धुळीसाठी वेगळा विषय काढा, नाहीतर यादीत शोधताना सापडत नाही. वि., शेजाऱ्याला काकांचा निरोप जसाच्या तसा पाठवा.

वि. दे.
पाठवला. आमचे हाफ-कट आहेत आणि दिवसही लहान, म्हणजे मार्चपर्यंत घाई नाही. ताई, इथे आईकडच्या पॅनललाही तसाच चिखल आहे. कडेला लावायच्या निचऱ्याच्या क्लिपा कोणत्या घेऊ?

मी. कु.
आधी फ्रेमची जाडी मोजा. ३०, ३५, ४० मिमी अशा वेगवेगळ्या येतात. अंदाजाने घेतली तर सैल बसते आणि पहिल्या वावटळीत उडते. फक्त खालच्या कडेला, प्रत्येक पॅनलला दोन. लावण्याआधी चिखल भिजवून काढा.