अनुभव धागा: रोजच्या दिवसात विश्वास, उपकारस्तुती आणि पाचारण

विश्वास, कृतज्ञता, जगण्याचा हेतू यांवर उपदेश पुष्कळ ऐकायला मिळतो. सोमवारी सकाळी उठून नेमकं काय करायचं, हे मात्र क्वचितच कुणी सांगतं. म्हणून हा धागा. जे बरीच वर्षं शास्त्रवाचन (म्हणजे बायबलचं वाचन), प्रार्थना, सेवा यांत रुळले आहेत त्यांनी लिहावं. साक्षीला, म्हणजे आपला विश्वासाचा अनुभव सांगायला, उपासनेत जागा असतेच. इथे कृती हवी. किती वेळ, कोणता अध्याय, कुठे अडतं आणि का अडतं, एवढं सांगा.

वाचनापासून मीच सुरुवात करतो. नव्याने वाचणारे बहुतेक जण पहिलं पुस्तक, उत्पत्ती, उघडतात. उत्पत्ती आणि निम्मं निर्गम गोष्टीसारखं पुढे सरकतं. निर्गमच्या २५व्या अध्यायापासून निवासमंडपाची (उपासनेच्या तंबूची) मापं येतात, पुढे लेवीय हे नियमांचं पुस्तक, आणि खूण तिथेच अडकून राहते. यात दोष वाचकाचा नाही, क्रमाचा आहे. मार्कापासून सुरू करा. येशूचं जीवन सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांत ते सर्वांत लहान: १६ अध्याय, रोज एक. मग लूक, २४ अध्याय. त्यानंतर फिलिप्पैकरांस पत्र, चारच अध्याय, प्रेषित पौलाने बंदिवासातून लिहिलेलं, आणि तरी पानोपानी आनंदाचा उल्लेख.

६६ पुस्तकांच्या शास्त्राचे १,१८९ अध्याय होतात. रोज तीन-चार वाचले तर वर्षात पूर्ण होतात. पहिल्या वर्षी या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. चार दिवस चुकले की तेरा अध्यायांची थकबाकी उभी राहते, मग वाचन म्हणजे वसुली होते आणि माणूस पुस्तक मिटतो. चुकलेले दिवस भरून काढू नका. आजचं आज वाचा.

शास्त्रवर्ग घेणाऱ्या एक ताई

वरच्या मुद्द्याला जोड देते. एक अध्याय भरभर वाचणं आणि आठ-दहा ओव्या (अध्यायातली क्रमांक दिलेली वचनं) सावकाश वाचणं, ही दोन वेगळी कामं आहेत आणि आठवड्यात दोन्ही हवीत. सावकाश वाचनाच्या चार पायऱ्या बाराव्या शतकात ग्विगो नावाच्या मठवासीयाने मांडल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि शेवटी देवापुढे नुसतं शांत बसणं. वीस मिनिटं पुरतात. उतारा दोनदा वाचा, दुसऱ्यांदा ओठ हलवून. जिथे मन थबकलं तो शब्द धरा आणि त्यावरच देवाशी बोला. शेवटची तीन मिनिटं काही मागू नका.

इथे दोन गोष्टी बिघडतात. पहिली, वाचताना “हे अमक्याला चांगलं लागू पडतं” असं मनात येतं. तसं आलं की त्या माणसासाठी एका वाक्याची प्रार्थना करून परत आपल्या ओळीवर या. दुसरी चूक जास्त घातक आहे: एकच ओवी मागचं-पुढचं न पाहता उचलणं. यिर्मया २९:११ (२९वा अध्याय, ११वी ओवी) पाहा. देवाच्या मनात हिताचे संकल्प आहेत, हे सांगणारी ही ओवी परीक्षेच्या आदल्या दिवशी, नोकरीच्या मुलाखतीआधी सर्रास वापरतात. प्रत्यक्षात ती बाबेलात बंदिवान म्हणून नेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रात आहे. आधीच्याच ओवीत सत्तर वर्षांची मुदत सांगितली आहे. पाचवी ओवी म्हणते, घरं बांधा, बागा लावा. सातवी म्हणते, ज्या नगरात नेलं आहे त्याच्या हितासाठी झटा. म्हणजे आशा खरीच, पण ती परक्या मुलखात रोजचं काम करत जगायची. तुटक वाचलं की आठवड्याभरात अपेक्षाभंग होतो आणि त्याचं खापर देवावर फुटतं. म्हणून माझा नियम असा: कोणतीही ओवी पाठ करण्याआधी वरच्या दहा आणि खालच्या दहा वाचायच्या.

उपकारस्तुतीची वही ठेवायला शिकवणारे

कृतज्ञतेची वही आजकाल सगळेच सुचवतात. ख्रिस्ती शिकवणीत फरक असा, की उपकारस्तुती कुणाला तरी उद्देशून असते. “छान दिवस गेला” ही नोंद झाली. “प्रभू, आज हे तू दिलंस” ही स्तुती झाली. म्हणून वाक्य नेहमी संबोधनाने सुरू करा.

रात्री तीनच ओळी लिहा. प्रत्येक ओळीत तीन गोष्टी: काय मिळालं, कुणाच्या हातून मिळालं, आणि ते नसतं तर आज काय अडलं असतं. तिसरा भाग सोडू नका. सगळं वजन त्यात आहे. “कुटुंबासाठी आभार, आरोग्यासाठी आभार” असं लिहिणाऱ्यांची वही दुसऱ्या आठवड्यात बंद पडते, कारण रोज तेच शब्द उतरतात आणि मन त्यांवरून घसरतं. त्याऐवजी असं लिहा: “प्रभू, आज बैठकीत मी चुकीचा आकडा सांगितला तेव्हा सहकाऱ्याने तो चारचौघांत न सांगता नंतर बाजूला घेऊन सांगितला. तसं नसतं तर मी दिवसभर चिडून राहिलो असतो.” अशी ओळ पुन्हा लिहिता येत नाही, उद्या नवी शोधावीच लागते, आणि त्या शोधामुळे दिवसाकडे पाहायची नजर बदलते.

लूक १७ मध्ये दहा कुष्ठरोगी बरे होतात आणि परत येतो एकटा शमरोनी, म्हणजे यहुद्यांना परका वाटणारा माणूस. उरलेल्या नऊ जणांचं बरेपण काही काढून घेतलं गेलं नाही. आभार मानणं ही देणगीची किंमत नव्हे, म्हणूनच ते मोकळेपणाने करता येतं. मात्र त्या गोष्टीतला परत येणारा माणूस चालत येतो, पायाशी पडतो, मोठ्याने बोलतो. म्हणून वहीत ज्याचं नाव आलं त्याला दुसऱ्या दिवसाच्या आत दोन वाक्यांत सांगा. नेमकी कृती आणि तिचा नेमका उपयोग, बस्स. स्तुतिपाठ नको.

आता अवघड भाग. पौलाच्या थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात, ५:१८ मध्ये “सर्व स्थितीत उपकारस्तुती करा” असं आहे. स्थितीत, प्रत्येक स्थितीबद्दल असं नाही. मरणाबद्दल, अन्यायाबद्दल, आजाराबद्दल आभार मानायला पौल इथे सांगत नाही. दुःखात असलेल्या माणसाला ही ओवी ऐकवणं ही चूक आहे, मग हेतू कितीही चांगला असो. त्याच्याजवळ बसा, काम उचला, ओवी स्वतःपाशी ठेवा. स्वतःच्या अशा दिवसांत तीन ओळी जड वाटल्या तर एकच लिहा, किंवा स्तोत्र १३६ मोठ्याने वाचा. त्याच्या २६ही ओव्यांचा शेवट देवाच्या सनातन दयेच्या पालुपदाने होतो. आपल्याकडे शब्द नसतात तेव्हा पालुपद उचलून नेतं.

आणि येशूने भाकरी घेऊन उपकारस्तुती केली, ती पाच हजार लोक जेवण्याआधी, पाचच भाकरी हातात असताना. पुन्हा केली ती धरून दिला जाण्याच्या रात्री. स्तुतीचा क्रम पुरेसं मिळाल्यानंतरचाच असतो असं नाही.

रोज रात्री दिवस तपासणारे

येशूसंघाचे संस्थापक इग्नाटियस लोयोला यांच्या पद्धतीत दिवसाच्या तपासणीचे पाच टप्पे आहेत. आभार, खरं दिसावं म्हणून प्रकाश मागणं, तासातासाने दिवस पाहणं, जे चुकलं त्याची क्षमा, उद्यासाठी एक निश्चय. वेळ १० ते १५ मिनिटं. आभार पहिला टप्पा आहे, तो गाळला की तपासणीचा खटला होतो. हळव्या मनाचे लोक तिसऱ्या टप्प्यावर पाऊण तास अडकतात आणि स्वतःला दोष देत झोपतात. घड्याळ लावा. निश्चय एकच आणि वेळेला बांधलेला: “उद्या चिडचिड करणार नाही” असा नको, “उद्या घरात शिरण्याआधी दारात थांबून तीन श्वास घेईन आणि प्रभूची प्रार्थना (येशूने शिष्यांना शिकवलेली) म्हणेन” असा. हे अंथरुणात पडून करू नका, दुसऱ्या टप्प्यावर झोप लागते. खुर्चीत बसा.

प्रार्थनेत मन भटकतं त्यांच्यासाठी

जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरने १५३५ साली पीटर नावाच्या आपल्या न्हाव्यासाठी प्रार्थना कशी करावी हे लिहून काढलं. शास्त्रातली एखादी आज्ञा घ्यायची आणि तिच्यातून चार पेड वळायचे: ही मला काय शिकवते, कशाबद्दल आभार मानायला लावते, कोणती चूक कबूल करायला लावते, काय मागायला लावते. प्रभूच्या प्रार्थनेची एकेक विनवणीही अशीच घेता येते. रोज एकच विनवणी, सात-आठ मिनिटं. त्याचा दाखलाही त्या माणसाच्या धंद्यातला आहे: वस्तरा चालवताना न्हाव्याचं लक्ष वस्तऱ्यावरच हवं.

संशय आणि कोरडेपणाविषयी, रुग्णांसोबत बसणारी

विश्वास म्हणजे शंका न येणं, ही समजूत माणसांना फार छळते. मार्क ९:२४ मधला बाप एकाच वाक्यात विश्वास असल्याचं सांगतो आणि अविश्वास घालवायला मदतही मागतो. त्याच्या मुलाला बरं केलं जातं. ते वाक्य प्रार्थना म्हणून जसंच्या तसं वापरा.

रागाची, तक्रारीची प्रार्थना करता येते आणि तिचा साचा स्तोत्र १३ मध्ये सहा ओव्यांत आहे. पहिल्या दोन ओव्यांत “कोठवर” हा सवाल चारदा. मग मागणं, मग भरवसा. कागदावर तेच करा: चार ओळी “कोठवर” म्हणून, दोन ओळी मागणं, एक ओळ अशी की जी आजही खोटी वाटत नाही. शेवटची ओळ सापडली नाही तर कोरी सोडा. स्तोत्र ८८ अंधारातच संपतं, आणि तेही प्रार्थनांच्या पुस्तकात ठेवलेलं आहे.

पण त्याआधी शरीराकडे पाहा. १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा झाडाखाली मरण मागतो. देव त्याला लगेच प्रश्न विचारत नाही. झोप, भाकरी, पाणी. पुन्हा झोप, पुन्हा भाकरी. मग प्रवास, आणि “तू इथे काय करतोस?” हा प्रश्न नंतर येतो. कोरडेपणा आला, प्रार्थनेत काहीच जाणवेनासं झालं, की तीन दिवस झोप आणि जेवण नीट करा, मग ठरवा विश्वासाचं काय झालं ते. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, कशातच गोडी उरली नाही, तर डॉक्टरांकडे जा. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडे थांबू नका, त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. औषध घेणं हा अविश्वास नव्हे. औषध म्हणजे अविश्वास असं जो कुणी सांगतो तो माणसाच्या जिवाशी खेळतो.

आणि मंडळी, म्हणजे एकत्र उपासना करणारी माणसं, सोडू नका. येशूचा शिष्य थोमाने साफ सांगितलं होतं की येशू पुन्हा उठला हे पाहिल्याशिवाय मानणार नाही, तरी आठ दिवसांनी तो बाकीच्यांबरोबर त्याच खोलीत होता.

हेतू शोधणाऱ्यांसाठी

पाचारण, म्हणजे देवाने आपल्याला बोलावून दिलेलं काम, ते व्यासपीठावरचंच असतं, हे आधी डोक्यातून काढावं लागतं. कलस्सैकरांस पत्रात, ३:२३ मध्ये, जे काही करता ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा, हे ज्यांना सांगितलं आहे ते दास आहेत. काम निवडायची मुभाच नसलेली माणसं. म्हणजे हेतू हव्या त्या कामात सापडतो असं नसून हातातल्या कामातही येऊ शकतो. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात ब्रदर लॉरेन्स स्वयंपाकघरात राबत होते, आणि देवाच्या सान्निध्याचा सराव त्यांनी तिथेच केला. पद्धत साधी: प्रत्येक कामाच्या सुरुवातीला एक वाक्य, शेवटी एक वाक्य. दिवसभर लक्षात ठेवायचं म्हटलं तर राहत नाही. म्हणून एखाद्या वस्तूला बांधा, दाराची कडी, नळ, संगणकाचं बटण. एका आठवड्याला एकच वस्तू.

मत्तय २५ मधल्या दाखल्यात धनी आपल्या दासांकडे पैसे सोपवून जातो, आणि ज्याला एकच तालंत (त्या काळचं पैशाचं मोठं माप) मिळालं त्याची दया येते. पण एक तालंत म्हणजे सुमारे ६,००० दीनार, आणि मत्तय २० मध्ये दिवसाची मजुरी एक दीनार आहे. वर्षाला ३०० दिवस कामाचे धरले तरी वीस वर्षांची मजुरी. त्याला कमी मिळालेलं नव्हतं. तो धन्याला कठोर समजून भ्यायला आणि पुरून बसला. “माझ्यात काहीच नाही” म्हणणाऱ्यांनी हा हिशोब मांडून पाहावा.

प्रत्यक्षात एक महिना तीन रकाने भरा. वारंवार नजरेत येणारी गरज. लोक आपण होऊन माझ्याकडे कशासाठी येतात. घरच्या जबाबदाऱ्या न सोडता आठवड्याला मी किती तास देऊ शकतो. तिन्ही जिथे जुळतात तिथे तीन महिन्यांसाठी एकच काम घ्या, मुदत आधी सांगून. मुदत न सांगितल्याने दोन गोष्टी होतात: माणूस थकून अचानक गायब होतो, किंवा अपराधी वाटून नको असताना अडकून राहतो. महिन्याअखेर दोन जाणत्या माणसांना रकाने दाखवा. स्वतःच्या देणग्या स्वतःला नीट दिसत नाहीत. तिसरा रकाना रिकामा असेल, घरात आजारी माणूस असेल, तर तेच या काळातलं पाचारण. दुसरं शोधायची गरज नाही.

थोडक्यात, समेटाबद्दल

मत्तय ५:२३-२४ प्रमाणे अर्पण ठेवून आधी समेट करायला जायचं. जाताना वाक्य तयार ठेवा: मी काय केलं, ते चूक होतं, भरपाई म्हणून काय करीन. त्यात “पण” आणि “तुला वाईट वाटलं असेल तर” हे शब्द नकोत. समोरच्याने लगेच क्षमा केली नाही तर आग्रह धरू नका. आणि ज्याने मारहाण केली, धमकावलं, त्याच्याकडे एकट्याने परत जाणं म्हणजे क्षमा नव्हे. मनातला सूड सोडता येतो आणि दार बंदही ठेवता येतं.

विसाव्याच्या दिवसाविषयी

हे शेवटी लिहितो, पण वरचं सगळं यावरच टिकतं. निर्गम १६ मध्ये मान्ना, म्हणजे रानात देवाने दिलेलं अन्न, रोजच्या रोज गोळा करायचा. जास्त साठवला तर त्यात किडे पडत. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट, आणि तो खराब होत नसे. म्हणजे विसावा आदल्या दिवशी तयार होतो. सातव्या दिवशी सकाळी “आज विश्रांती” असं ठरवलं की भांडी, कपडे, राहिलेली उत्तरं समोर उभी राहतात आणि दुपारपर्यंत दिवस हातचा जातो. आदल्या संध्याकाळी दोन तास काढून जेवणाची तयारी करा, राहिलेल्या कामांची यादी लिहा, ती पाकिटात घालून बंद करा. यादी कागदावर असली की ती मनात फिरत नाही. ज्यांची पाळीची नोकरी आहे त्यांनी वार बदलावा. चोवीस तास जमत नसतील तर सलग सहा तासांपासून सुरू करावं. लहान मुलं, आजारी माणसं, जनावरं यांची कामं त्या दिवशीही असतातच. लूक १४ मध्ये येशू शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या, दिवशी विहिरीत पडलेल्या बैलाबद्दल विचारतो, त्याला लगेच वर काढणार नाही असा तुमच्यात कोण आहे? त्या कामांनी विसावा मोडत नाही.