मदत हवी आहे: मृत्युपत्रात कासवाची सोय कशी लिहायची?

तळेगावकर: नमस्कार मंडळी. कासवाच्या नावे एफडी ठेवता येते का? की नातीच्या नावे ठेवून अट घालायची? गुरुवारी टोकन द्यायचंय आणि शुक्रवारी वकिलांकडे जायचंय, तेव्हा लवकर सांगा.

खटपट्या: टोकन कसलं? कासव घरात आहे की घ्यायचंय? कुठलं कासव?

कोर्टकचेरी: आपल्या कायद्यात प्राणी ही मालमत्ता, तो वारस होत नाही. त्याच्या नावे एफडी होणार नाही. जो सांभाळणार त्याच्याच नावे कासव आणि पैसे दोन्ही लिहा, आणि तो नाही म्हणाला तर पुढचं नाव. नात अज्ञान, म्हणजे अठराच्या आतली असेल तर तिच्या वतीने कोण बघणार तेही घाला.

तळेगावकर: घ्यायचंय. अल्डाब्रा जायंट, पिल्लू तळहातावर मावतं. विकणारा म्हणतो दीडशे वर्षं जगतं. मी 61, नात 7. म्हणून तर मृत्युपत्र! जागेची काळजी नको, बंगल्याला अंगण आहे.

इतिहासवेडा: कोलकात्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयातलं अद्वैत अल्डाब्राच होतं. 2006 मध्ये गेलं, वय अडीचशे! ईस्ट इंडिया कंपनीच्या रॉबर्ट क्लाइव्हच्या बागेतलं म्हणतात.

खटपट्या: अडीचशे कुठे सिद्ध झालंय? सेंट हेलेना बेटावरच्या जोनाथन कासवाचं बघा. 1882 मध्ये बेटावर आणला तेव्हाच पूर्ण वाढलेला, म्हणून जन्म 1832 च्या आसपास धरतात. त्याला निदान काही आधार आहे.

सर्पमित्र: वय राहू द्या हो. काका, कागद दाखवले का? अल्डाब्रा साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट 2 मध्ये आहे. वन्यजीव कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीनंतर असा प्राणी बाळगायचा तर सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते, हस्तांतरही कळवावं लागतं. आणि फोटोत बघा, मानेच्या बरोबर वर, कवचाच्या काठावर मधोमध एक छोटं खवलं आहे का?

कोकणी_आजोळ: कशाला घाबरवता? आमच्याकडे वीस वर्षं स्टार कासव होतं. कुणी विचारलं नाही.

सर्पमित्र: स्टार कासव वन्यजीव कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आहे, किमान तीन वर्षं कैद. कुणी विचारलं नाही म्हणून गुन्हा पुसला जात नाही. कृपया असे सल्ले देऊ नका.

शुभंकर: कासव उत्तर दिशेला, पाण्याच्या ताटलीत, तोंड घराच्या आत. आम्ही पितळी ठेवलंय, फरक पडला.

तळेगावकर: फोटो मोठा करून पाहिला. खवलं नाही, तिथे खाच आहे. रंग मातकट पिवळा. मागच्या मांड्यांवर दोन-तीन टोकदार काटे. कागद 'नंतर देतो' म्हणाला.

सर्पमित्र: अल्डाब्राला सहसा ते खवलं असतं. मग हे सल्काटा, वेगळ्या जातीचं कासव. तेही परिशिष्ट 2 मध्येच. सहाराच्या दक्षिणेकडच्या कोरड्या पट्ट्यातलं जनावर ते. तळेगावच्या पावसात ओल आणि गारठा मिळून नाक वाहायला लागतं, मग छाती भरते. अल्डाब्रा म्हणून सल्काटा विकणाऱ्याकडून घेऊच नका.

फिनिक्सची_वैनी: आम्ही ॲरिझोनात. चौदा वर्षांपूर्वी मुलीसाठी सल्काटा आणलं, लिंबाएवढं होतं. आज 36 किलो. अंगणात त्याने बीळ खणलंय, झाडूचा अख्खा दांडा घातला तरी टोक लागत नाही. जाळीपलीकडचं दिसलं की डोकं लावून ढकलतं, दोनदा खांब उपटले. शेवटी आरपार दिसणार नाही अशी भिंत बांधली. मुलगी आता दुसऱ्या राज्यात, तिसऱ्या मजल्यावर राहते. तिचा काही दोष नाही, आठ वर्षांच्या पोरीच्या 'हो'वर आम्ही विसंबलो. कासवांच्या आश्रमात विचारलं तर जागा नाही म्हणाले. काका, नातीला नको, सुनेला विचारा.

तळेगावकर: विचारलं. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही नसताना ते मला उचलता येईल का?" टोकन दिलेलं नाही. वकिलांची वेळ ठेवली आहे, बाकीचं मृत्युपत्र तरी होईल. वैनी, थंडीत तुम्ही त्याला कुठे ठेवता?

फिनिक्सची_वैनी: बिळाच्या तोंडाशी लाकडी खोली केली आहे, आत हीटर. थांबा, फोटो टाकते.