दुधी, भेंडी, टोमॅटो: घरचं बी कसं धरायचं?

गच्ची_कोथरूड:
गच्चीवर गावरान दुधी आणि भेंडी आहेत, शिवाय टोमॅटो. पुढच्या वर्षासाठी बी धरायचंय. कुठलं फळ राखायचं आणि बुरशी न येता ते ठेवायचं कसं? टोमॅटोच्या पाकिटावर 'एफ-१' लिहिलंय.

कुंडीतला_माळी:
एफ-१ म्हणजे दोन वाणांच्या संकराची पहिली पिढी. त्याचं बी उगवतं, पण दर रोपाची तऱ्हा वेगळी निघते. गावरान टोमॅटो मिळवा. झाडावरच पूर्ण पिकलेल्या फळाचा गर बियांसकट वाटीत काढा, चमचाभर पाणी घाला, वर फडकं बांधा. बियांभोवतीचा बुळबुळीत थर उगवण रोखतो, आंबवलं की तो सुटतो. पुण्याच्या उन्हाळ्यात दीड-दोन दिवस बास, थंडीत तीन. जास्त ठेवलंत तर वाटीतच मोड येतील. मग चोळून धुवा, तरंगणारं पोचट बी ओतून द्या आणि स्टीलच्या ताटात वाळवा. कागदावर नको, चिकटून बसतं.

भेंडीच्या निरोगी झाडावर तीन-चार शेंगा तपकिरी होऊन शिवणीवर उकलेपर्यंत ठेवा. त्या झाडाची भाजी कमी मिळणार, हे धरून चाला. पावसाची झड लागली तर शेंगा देठासकट कापून घरात टांगा.

वेलवाला:
दुधीत खरी मेख परागीकरणाची. फूल संध्याकाळी उमलतं. उमलायच्या आधीच उद्याची नर आणि मादी कळी दोऱ्याने बांधा, उमलायच्या वेळी सोडून नराचे पराग मादीला लावा आणि मादी पुन्हा बांधा. वेलीवर असं एकच फळ राखा, साल टणक होऊन देठ वाळेपर्यंत.

त्याच वेलीचा एखादा कोवळा दुधी कच्चा चाखून बघा. कडू लागला तर थुंका आणि त्या वेलीचं बी धरूच नका. कडू दुधी शिजवूनही विषारीच राहतो.

गच्ची_कोथरूड:
शेजारी लाल भोपळा आहे. संकर होईल?

वेलवाला:
नाही, जातच वेगळी. शेजारी दुसरा दुधी असेल तर मात्र होईल, आणि फरक यंदाच्या फळात दिसणार नाही, पुढच्या पिढीत दिसेल.

कुंडीतला_माळी:
बी सकाळच्या कोवळ्या उन्हात चार-पाच दिवस वाळवा, तापलेल्या फरशीवर नको. दुधीचं बी वाकलं तर ओल आहे, कट्‌कन मोडलं तर झालं. पावसाळा सुरू व्हायच्या आत काचेच्या बाटलीत, चाळलेल्या कोरड्या राखेत घालून झाकण घट्ट लावा. बाटली फ्रिजमध्ये ठेवलीत तर बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका, आत दव धरतं. पेरणीआधी दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून बघा, सातपेक्षा कमी उगवल्या तर दाट पेरा.